माप पंपाचे, पात्र आपले



वापरलेली मोटार विकत घेणे हा आपल्या व्यापारी कुटुंबांत आता सर्रास व्यवहार झाला आहे. दुकानाचा माल, मुलांची शाळा, लग्नकार्य, तीर्थयात्रा या साऱ्यांसाठी चारचाकी हवी असते, आणि नव्या मोटारीत रक्कम गुंतवण्यापेक्षा ती मालात गुंतवावी असा विचार करणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. हा विचार हिशेबाला धरूनच आहे. बँकेत असताना वाहनकर्जाची प्रकरणे माझ्या मेजावरून जात. त्यावरून एवढे सांगता येते की आपली माणसे कागद बारकाईने पाहतात. नोंदणी पुस्तिका, विमा, आधीच्या बँकेचा नजरगहाणाचा बोजा उतरला की नाही, मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० हे सारे तपासले जाते. इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात. मात्र जिच्यात आयुष्यभर पैसा ओतायचा, ती इंधनाची टाकी पेट्रोल नीट घेते की नाही, हे कोणीही पाहत नाही.

वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंग येथील एका परिचित कुटुंबाची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. सोयाबीन-तुरीच्या व्यापारातले हे घर. त्यांनी पुण्याकडून दहा वर्षे वापरलेली पेट्रोलची मोटार आणली. व्यवहार चोख होता, गाडीही दिसायला नेटकी होती. पहिल्यांदा पंपावर नेली तेव्हा नोझल टाकीत घालून दांडी दाबताच ‘टक्’ असा आवाज होऊन प्रवाह थांबला. पुन्हा दाबली, पुन्हा ‘टक्’. अर्ध्या-पाऊण लीटरच्या तुकड्यांनी पेट्रोल जाऊ लागले. घरातल्या तरुण मुलाला संशय आला. पंपावर मध्येच प्रवाह थांबवून मापात गफलत करतात, असे त्याने ऐकले होते. त्याने नोझल धरणाऱ्या पोराला चारचौघांत विचारले, “दर वेळी हात का मारतोस?” तो बिचारा म्हणाला, “दादा, मी नाई बंद करत. ते आपल्याच मनानं बंद होते.” रांग वाढली, आवाज चढले. अखेर पंपचालकाने पाच लीटरचे प्रमाणित माप आणून सर्वांसमक्ष भरून दाखवले. माप बरोबर निघाले.

वाशीमच्या पंपावरही तोच प्रकार घडला, तेव्हा मुलाच्या वडिलांनी मोटार मेकॅनिककडे नेली. टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. गाडी विक्रीपूर्वी कित्येक महिने एका जागी उभी असावी. नळी मोकळी झाली आणि पेट्रोल सरळ जाऊ लागले. खर्च किरकोळ आला. वडील मात्र मुलाला घेऊन पुन्हा त्याच पंपावर गेले आणि त्या पोराची त्यांनी सर्वांसमक्ष क्षमा मागितली. आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून क्षमाही चारचौघांत, असे त्यांचे म्हणणे. व्यापाऱ्याला ‘तुझे माप खोटे’ म्हणणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी तीन पिढ्या तागडी आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता हे नोझल आपल्याच मनाने बंद होते म्हणजे काय, ते पाहू. त्याच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. त्यापासून एक पातळ नळी आतून दांडीपर्यंत जाते. पेट्रोल अरुंद वाटेने वेगाने वाहू लागले की तेथे दाब कमी होतो आणि त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. वाहत्या द्रवाचा हा गुणधर्म इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी १७९७ साली मांडला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. टाकी भरत येऊन पेट्रोल छिद्रापर्यंत पोहोचले की हवा मिळेनाशी होते, ओढ वाढते, आतला पडदा सरकतो आणि खटका सुटतो. यात वीज नाही, संगणक नाही. छिद्रावर पेट्रोल आले की प्रवाह बंद, इतकेच त्याला कळते. टाकी खरोखर भरली आहे की गळ्याशी पेट्रोल तुंबले आहे, हा भेद त्याला कळत नाही.

तुंबते का, याचे उत्तर हिशेबासारखे सरळ आहे. टाकीत तीस लीटर पेट्रोल जायचे तर तीस लीटर हवा व वाफ बाहेर आली पाहिजे. जमेच्या बाजूला जितके, तितकेच नावे. पंपाचा प्रवाह मिनिटाला तीस-चाळीस लीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे हवेलाही त्याच वेगाने वाट हवी. ती वाट अडली की पेट्रोल गळ्याशी चढते आणि खटका सुटतो.

वाट अडण्याची कारणे बहुधा चार. पहिले म्हणजे माती, धूळ वा कीटकांचे घर. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २०११ साली माझदा कंपनीने अमेरिका खंडात विकलेल्या सुमारे पासष्ट हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, कारण टाकीच्या हवेच्या नळीत एक पिवळा कोळी जाळे विणत होता. नळी बंद झाल्याने टाकीवर ताण येऊन ती तडकण्याचा संभव होता. दुसरे कारण कोळशाचा डबा. पेट्रोलची वाफ हवेत मिसळू नये म्हणून ती शोषून घेणारा दाणेदार कोळसा या डब्यात असतो, मेकॅनिक त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात द्रव पेट्रोल शिरले की कोळसा निकामी होतो, त्याचे कण नळ्यांत अडकतात. तिसरे कारण जुनी, कडक झालेली वा मुडपलेली रबरी नळी. चौथे कारण खरेदीदाराने विशेष ध्यानात घ्यावे. टाकीचा गळा दबलेला वा वाकलेला असेल, तर मोटारीला मागून धडक बसून ती दुरुस्त केलेली असू शकते. विक्रेत्याने न सांगितलेली गोष्ट कधी कधी टाकी सांगते.

डिझेलच्या मोटारीत हा कोळशाचा डबा नसतो, परंतु डिझेल फेसाळते आणि फेसानेही खटका सुटतो. तेथे प्रवाह मंद ठेवला की बहुधा भागते. मंद ठेवूनही थांबत असेल तर हवेची नळी पाहावी.

दुसऱ्या कारणाचे मूळ आपल्या एका सवयीत आहे. पहिला ‘टक्’ झाल्यावर आकडा गोल करण्यासाठी आणखी शंभर रुपयांचे, मग आणखी पन्नासांचे पेट्रोल कोंबले जाते. वाफेसाठी राखलेली जागा त्याने भरते आणि पेट्रोल कोळशाच्या डब्याकडे वळते. ‘पुस्तिकेत टाकी पंचेचाळीस लीटरची, मग अठ्ठेचाळीस लीटर गेले कसे?’ हा वादही पुष्कळदा येथेच उगम पावतो. पुस्तिकेतला आकडा सुरक्षित भरण्याचा असतो. गळा आणि वाफेची जागा धरली तर टाकीत त्याहून अधिक मावते. पहिल्या खटक्याला थांबावे, हाच नियम.

जुन्या मोटारीच्या संदर्भात पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार केला पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरू येथे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे ई-२०, पेट्रोल विक्रीस आणले गेले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या मोटारींचे भाग या मिश्रणास अनुरूप असतात. त्याआधीच्या मोटारींबाबत नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच सहा ते सात टक्के कमी ॲव्हरेजचा अंदाज दिला होता. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे सरकारनेही म्हटले आहे. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मोटारीतले पेट्रोल विश्वासार्ह राहत नाही. दहा वर्षांची मोटार घेताना टाकीच्या रबरी नळ्या बदलण्याचा खर्च व्यवहारातच धरावा, तो मागाहून खटकत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वीची परीक्षा अशी करावी. मोटार पाहायला जाल तेव्हा टाकी अर्ध्याहून कमी असताना ती जवळच्या पंपावर न्यावी आणि स्वतःच्या पैशाने दहा-पंधरा लीटर पेट्रोल भरून घ्यावे. सरळ गेले तर उत्तम. वारंवार थांबले तर नोझल किंचित बाहेर ओढून, थोडे फिरवून, मंद प्रवाहाने पाहावे. तेव्हा जात असेल, तर हवेची वाट अरुंद झाली आहे असे समजावे. झाकण उघडताना मोठा फुस्‌ आवाज येतो का, गाडीभोवती पेट्रोलचा वास आहे का, गळ्याभोवतीच्या पत्र्यावर नव्या रंगाचा हात आहे का, तेही पाहावे. दोष आढळला म्हणून व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही. दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी. दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच करावी. नळीत तोंडाने फुंकणे, तार खुपसणे किंवा ‘डबा काढून टाका, कटकट नको’ हा सल्ला मानणे धोक्याचे आहे, कारण पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते. आणि मोटार महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. जिवांना तेथे घर बांधू द्यायचे आणि मग ते मोडायचे, यापेक्षा आठवड्यातून एकदा फेरी मारणे बरे.

पंपावर ग्राहकाचे हक्कही आहेत आणि ते शांतपणे वापरता येतात. वितरण यंत्रांची तपासणी व मुद्रांकन वैध मापन विभागाकडून दरवर्षी होते. प्रत्येक पंपावर पाच लीटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाला त्यात भरून दाखवण्याची मागणी करता येते. पाच लीटरमागे पंचवीस मिलिलीटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. पेट्रोलच्या शुद्धतेसाठी फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. भरण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे हे पाहावे. नोझल मध्येच थांबले तरी आकडा जेथे थांबला तेथूनच पुढे चालला पाहिजे. तो पुन्हा शून्यावर आला, तर मात्र जरूर विचारावे. पण आकडा पुढे चालत असेल आणि दुसऱ्या पंपावरही तोच अनुभव येत असेल, तर दोष आपल्या पात्रात आहे.

पंपावर नोझल धरणारा माणूस दिवसभर उन्हात आणि वासात उभा असतो. हिशेबात तूट आली तर त्याच्या पगारातून कापली जाण्याचे भय त्याला असते. त्याला चोर ठरवण्याआधी एकदा आपल्या गाडीचे झाकण उघडून पाहावे, इतकी सबुरी व्यापाऱ्याच्या घराने दाखवलीच पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक आपल्या तागडीकडे संशयाने पाहू लागले, तर आपणही त्याच्याकडून एवढीच अपेक्षा करू.