पेल्यामागे एक डॉलर

अमेरिकेत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या पाहुण्याला तेथे स्थायिक झालेले आप्त पहिल्या आठवड्यातच व्यवहाराचे काही पाठ देतात. त्यांतला एक मद्यगृहातील वर्तनाचा असतो. बिअरच्या साध्या पेल्यामागे एक डॉलर काउंटरवर ठेवावा. मिश्र पेयाला अधिक खटपट पडत असेल तर दोन. हिशेब शेवटी एकदम चुकता करायचा असेल, तर बिलाच्या पंधरा-वीस टक्के. पहिल्या फेरीला हात आखडता घेतला, तर दुसऱ्या फेरीला बारटेंडरची नजर आपल्यावरून सरकत पुढे जाते, हा इशाराही न विसरता दिला जातो. पुण्या-मुंबईहून नुकताच गेलेला तरुण हे सारे निमूटपणे पाठ करतो. हा शिष्टाचार कोणाच्या फायद्याचा, हा प्रश्न मात्र त्या पाठात नसतो.

वस्तुस्थिती अशी आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने ठरवलेले किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे आणि 2009 पासून ते तेथेच थिजले आहे. परंतु ज्याला महिन्याकाठी 30 डॉलरहून अधिक बक्षिसी मिळते, त्या कामगाराला मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून तासाला केवळ 2.13 डॉलर दिले, तरी कायद्याचे समाधान होते. हा आकडा 1991 सालचा. 1996 साली किमान वेतन वाढवताना अमेरिकी काँग्रेसने तो वेगळा काढून गोठवून ठेवला. उरलेले 5.12 डॉलर गिऱ्हाइकांनी भरले, असे धरले जाते.

या धरण्याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईला तासाभरात पाच गिऱ्हाइकांनी एकेक डॉलर दिला. एकानेही दमडी दिली नसती, तर तेवढी तूट कायद्याने मालकाला भरावी लागली असती आणि तिच्या हाती 7.25 डॉलर पडलेच असते. म्हणजे त्या पाच सज्जनांच्या औदार्याने तिच्या मिळकतीत काहीच भर पडली नाही. वाचला तो मालकाचा पैसा. तिला खरोखर बक्षीस मिळू लागते ते सहाव्या डॉलरापासून. चाळीस तासांच्या आठवड्यात एका कामगारामागे मालकाची ही बचत 204 डॉलर 80 सेंटपर्यंत जाते. कायदा तुटीचा हिशेब आठवड्याचा करतो. त्यामुळे शनिवारच्या गर्दीतली कमाई मंगळवारच्या रिकाम्या दुपारची भरपाई म्हणून मांडली जाते. आणि एवढे होऊनही तूट राहिलीच, तर ती मागायची कोणाकडे? कोणाला शनिवारची पाळी द्यायची आणि कोणाला मंगळवारची, हे ज्याच्या हाती आहे, त्याच मालकाकडे!

ही प्रथा निव्वळ सौजन्यातून उगवली, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेचा इतिहास चाळावा. 1865 साली यादवी युद्ध संपल्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत चाकरीला मुक्त झालेले कृष्णवर्णीय गुलाम घेतले. वेतन तुटपुंजे, उरलेले प्रवाशांच्या मर्जीवर. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी या प्रत्येक माणसाला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची रीत अशी रुळांवरून चालू राहिली. 1925 साली समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली. बक्षिसीवर जगणे नको, जगण्यापुरते वेतन हवे, ही तिची भूमिका होती. कंपनीशी करार व्हायला 1937 साल उजाडले. पुढच्याच वर्षी देशाला किमान वेतनाचा कायदा मिळाला. पण उपाहारगृहांतले बहुसंख्य कामगार त्याच्या कक्षेबाहेर राहिले. 1966 साली त्यांना आत घेतले, ते बक्षिसी वेतनात धरण्याची पळवाट सोबत ठेवूनच.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित वाटण्याचे कारण नाही. गावकीची बारमाही कामे करणाऱ्याला मोबदला म्हणून मिळणारे बलुते कागदोपत्री हक्काचे होते. प्रत्यक्षात खळ्यावर उभे राहून ते मागावे लागे, आणि देणाऱ्याचे मन राखल्यावाचून ते पदरात पडत नसे. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती रक्कम सरकारी वसुलीबरोबर गोळा करून द्यावी, ही त्यातली एक तरतूद होती. कष्टाचा मोबदला गावकऱ्यांच्या लहरीवरून उचलून नियमाच्या आधाराला नेण्याचा तो प्रयत्न होता. डॉलरची नोट कितीही स्वच्छ आणि काउंटर कितीही झगझगीत असो, तिच्यासाठी न आवडणारी थट्टा हसून सोसणारी बारमधली बाई त्याच खळ्यावर उभी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. खुद्द बारटेंडरांनाच ही पद्धत हवी आहे, असे सांगितले जाते. जून 2018 मध्ये वॉशिंग्टन शहरातील मतदारांनी बक्षिसीवाल्यांचे वेगळे वेतन रद्द करण्याचा कौल दिला, तेव्हा त्याविरुद्ध प्रचार करणाऱ्यांत बारमधले कामगारही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नगर परिषदेने तो कौल रद्द केला. 2022 मध्ये मतदारांनी तोच कौल पुन्हा दिला, ही गोष्ट वेगळी. श्रीमंत वस्तीतल्या बारमध्ये शुक्रवारी रात्री उभा राहणारा माणूस चांगले कमावतो, हे खरे. परंतु त्याच्या कमाईवरून आडगावच्या बारमधल्या विधवेचे वेतन ठरवणे, हा कोणता न्याय? कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसह सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. तेथे बक्षिसी बंद पडलेली नाही आणि मद्यगृहांना टाळेही लागलेले नाही. ब्रिटनमध्ये तर 2009 पासून बक्षिसी किमान वेतनात धरताच येत नाही.

2025 साली अमेरिकी सरकारने वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या बक्षिसीला 2028 पर्यंत प्राप्तिकरातून सवलत दिली आणि कामगारांचा कैवार घेतल्याचा डंका पिटला. ज्याची मिळकतच कराच्या पायरीला लागत नाही, त्याला या सवलतीचा उपयोग शून्य. 2.13 या आकड्याला कोणी हात लावला नाही.

म्हणून कोणी तत्त्वनिष्ठेच्या आवेशात डॉलर खिशातच ठेवू लागेल, तर ते धाडस बारटेंडरच्या जिवावर केलेले ठरेल; मालकाला त्याची झळ क्वचितच लागते. डॉलर ठेवावाच. तो ठेवताना आपण उदार झालो, हा समज तेवढा बाळगू नये.

आणि मुंबईतल्या परमिट रूमचे काय? 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्यास मनाई केली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने ती उचलून धरली. ग्राहक सुखावला, ते योग्यच झाले. परंतु हे शुल्क नोकरवर्गाच्या कल्याणासाठी आहे, असा कंठशोष करणाऱ्या मालकांना कोणीतरी विचारावयास हवे होते की, पदार्थांचे आणि पेयांचे दर वाढवण्यास त्यांना मनाई नाही, मग तेवढीच रक्कम वेटरच्या वेतनपत्रकात घालण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?