देहाची वही कोणी लिहावयाची?

दिवाळीच्या पाडव्यास आमच्या पेठांतून नव्या वह्या उघडतात. हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर 'श्री' लिहिली जाते, जुन्या खात्यांच्या बाक्या पुढे ओढल्या जातात आणि कोणाकडे किती येणे व कोणास किती देणे याचा हिशेब पै-पैचा लागल्यावाचून धनी उठत नाही. संगणक आला तरी ही चाल मोडली नाही, हे आमच्या व्यापारीवर्गास भूषणावहच आहे. परंतु त्याच धन्यास, 'शेटजी, आपला रक्तदाब किती? उपाशीपोटी रक्तातील साखर किती?' असे कोणी विचारले, तर तो क्षणभर गोंधळतो आणि म्हणतो, 'ते डॉक्टरांस ठाऊक!' ज्या भांडवलाच्या जोरावर बाकीची सारी भांडवले उभी आहेत, त्याचीच वही आमच्या घरात नाही. ती कोणी लिहावयाची, हा आजचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी गुळाचे एक घाऊक व्यापारी मृत्युपत्र करण्यासाठी आमच्याकडे आले होते. वय बावन्न. गेल्या दहा हंगामांतील गुळाचे भाव त्यांना तोंडपाठ. नुकताच त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला होता. जोडा चावून झालेली जखम चिघळली तरी दुखली नाही, म्हणून त्यांनी तिकडे पाहिले नाही. आणि ती दुखत नव्हती याचे कारण हेच की, मधुमेहाने पायाची संवेदनाच नष्ट केली होती. हा मधुमेह किती वर्षांचा, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'वकीलसाहेब, आजार कळला तो इस्पितळात. तो कधीचा, हे देवाला माहीत.' मृत्युपत्राचा मसुदा झाला, सह्या झाल्या. परंतु ते उत्तर आमच्या मनातून गेले नाही. त्याच आठवड्यात आम्ही स्वतःचा रक्तदाब मोजून घेतला आणि तो मर्यादेच्या बराच वर निघाला, हेही येथे कबूल केले पाहिजे. लोकांस उपदेश करणारे आम्हीही सात वर्षे ते यंत्र दंडास लावून घेतले नव्हते.

हे एक-दोन घरांचे दुर्दैव नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक लाख तेरा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. तिच्यावरून काढलेला अंदाज असा की, या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आणि प्रौढांपैकी शेकडा ३५ जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. ज्या राष्ट्राने पटकी, प्लेग व देवी यांशी झुंज दिली, त्या राष्ट्राच्या घरात हे नवे शत्रू पाहुण्याच्या पावलाने शिरले आहेत.

जुने शत्रू गाजावाजा करीत येत; हे नवे मुकाट्याने येतात, हाच त्यांच्यातील घातक भेद होय. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. रक्तातील साखर प्रथम माणसास अडवीत नाही. ती आतल्या आत डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडे व पायाच्या नसा पोखरीत असते. आमच्या धंद्यात मुदतीचा कायदा म्हणून एक चीज आहे. दावा कितीही खरा असला तरी मुदत टळल्यावर दाखल केला, तर न्यायाधीशाची सहानुभूती मिळते, हुकूमनामा मिळत नाही. प्रकृतीचेही न्यायासन असेच कठोर आहे. फरक एवढाच की, कायद्याची मुदत छापील पुस्तकात सापडते. देहाची मुदत मात्र ज्याने वेळीच चौकशी केली, त्यासच कळते.

मग ही चौकशी आम्ही का करीत नाही? पहिली सबब दैवाची. 'आमच्या घराण्यातच आहे, होणारच' असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, 'मी तर अंगाने किडकिडीत, मला कशाचा मधुमेह?' दोघेही चौकशीचा दरवाजा आपल्याच हाताने लावून घेतात. या दुसऱ्या समजुतीचे खंडन आमच्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे तागडीच्या दृष्टीने दोघेही सारखेच सडपातळ. परंतु विशेष क्ष-किरण यंत्राने पाहता, युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२! इंग्रज डॉक्टर लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातील उद्वाहकाचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्याइतकाच, असे याज्ञिकांनी विनोदाने लिहिले आहे. स्वतःच्या देहाकडे एखाद्या कागदपत्राप्रमाणे निर्विकारपणे पाहणे व जे आढळले ते न लाजता जगापुढे मांडणे, यालाच आम्ही खरी जिज्ञासा म्हणतो.

याज्ञिक व त्यांचे सहकारी एवढ्यावर थांबलेले नाहीत. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची त्यांनी इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांशी तुलना केली. आमची बालके सरासरीने २.७ किलो वजनाची, तिकडची ३.५ किलोची, तथापि वजनाच्या मानाने पाहता आमच्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी अधिक राखली गेलेली आढळली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाचे कर्ज घेऊनच आमचे मूल जन्मास येते. म्हणूनच गोऱ्या लोकांसाठी ठरविलेली मापे आम्हांस लागू पडत नाहीत; आमच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरांच्या पुढे गेली, की सावध व्हावे असे तज्ज्ञ सांगतात. शिंप्याची फीत घरोघरी आहे; ती स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळण्यास पैसा लागत नाही, केवळ धैर्य लागते.

आता, 'घराण्यातच आहे' म्हणणाऱ्याकडे वळू. वारसाहक्काने कर्ज आले, म्हणून पेढीचे दिवाळे निघालेच पाहिजे असे नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर तीन वर्षे एक प्रयोग केला व त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांस केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातील शेकडा ५५ लोकांस तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्याकडून आहार व रोजचे चालणे यांचा नेटाने पाठपुरावा करून घेतला, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ३९ वर आले. हा आकडा आम्ही मुद्दाम जसाच्या तसा देत आहो. चालण्याने सर्वजण वाचले असे नाही. पुष्कळांस रोग झालाच. परंतु शंभरांमागे सोळा माणसे वाचणे ही ज्यास क्षुल्लक बाब वाटेल, त्याने त्या सोळांत आपला भाऊ आहे अशी कल्पना करून पाहावी.

दुसरी सबब अशी की, 'प्रकृती पाहणे हे डॉक्टरांचे काम, आम्ही फी देतो ती कशासाठी?' या सबबीतील फोलपणा वकिलास चटकन कळतो. जो अशील कागद दडवितो, तारखा विसरतो आणि 'साहेब, तुम्हीच काय ते बघा' म्हणून निघून जातो, त्याचा दावा उत्तमातला उत्तम वकीलही वाचवू शकत नाही. डॉक्टरांची भेट वर्षातून दहा मिनिटांची. उरलेले सारे वर्ष तो देह आपल्या स्वाधीन असतो. त्या दहा मिनिटांत तरी आपण काय विचारतो? मला नेमके काय झाले आहे, हे औषध कशासाठी, ते किती दिवस घ्यावयाचे, न घेतल्यास काय होईल व पुन्हा तपासणी केव्हा, हे पाच प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. जो वैद्य अशा प्रश्नांनी रागावतो, त्याच्यापेक्षा न रागावणारा वैद्य शोधावा.

परंतु जिज्ञासा वेगळी आणि भोळेपणा वेगळा. हल्ली मोबाइलवरून रोज सकाळी एक नवा रामबाण उपाय येतो. कोणी कारल्याचा रस सांगतो, कोणी कसली पाने चावावयास सांगतो, आणि शेवटी 'आजपासून औषधे बंद करा' असे वर बजावतो. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने मानले आहे. स्वतःच्या मूत्रपिंडाचा प्रश्न असता तरी आम्ही ते मानू नये काय? सांगणारा कोण, त्याने किती लोकांवर पाहिले, कोणाशी तुलना केली व यात त्याचा लाभ काय, ही उलटतपासणी घेतल्यावाचून कोणताही साक्षीदार खरा धरू नये.

महात्मा गांधींनी १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर व इस्पितळे यांवर कडक टीका केली होती. तेच गांधी १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडले, तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेण्यास संमती दिली. शस्त्रक्रिया चालू असता विजेचा दिवा गेला व ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. आहाराचे प्रयोग आयुष्यभर स्वतःवर करणाऱ्या पुरुषाने योग्य वेळी शस्त्र नाकारले नाही. स्वावलंबन याचा अर्थ वैद्यावर बहिष्कार असा जे करतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

येथे एका विषयाकडे दुर्लक्ष केल्यास आम्ही सुधारणेचे नाव घेण्यास अपात्र ठरू. घरातील पुरुषाची तपासणी निदान विमा उतरविताना तरी होते. गृहिणीची कोणत्या निमित्ताने होते? सर्वांच्या पंक्ती उठल्यावर उरलेसुरले वाढून घेणारी, सर्वांच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी, पण स्वतःची पाठ दुखली तर 'चालायचेच' म्हणणारी स्त्री हा आमच्या कुटुंबव्यवस्थेचा आधार नसून तिचा कलंक आहे. गरोदरपणी जिची साखर वाढली होती, तिला पुढे मधुमेह होण्याचा संभव मोठा असतो; तरी बाळंतपण आटोपले की तिची पुन्हा तपासणी करण्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्या घरात धन्याची वही आहे व धनिणीची नाही, त्या घराचा ताळेबंद खोटा आहे.

कोणी म्हणेल, 'आपण सारा भार व्यक्तीवर टाकून सरकार व नगरपालिका यांस मोकळे सोडता.' आमचा तसा हेतू नाही. दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालास व्यायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. चालावे म्हणून सांगावयाचे आणि पदपथ गाड्यांनी अडवावयाचे, हा न्याय नव्हे. शिवाय जबाबदारी म्हणजे दोषारोप नव्हे. पथ्य पाळूनही पुष्कळ माणसे आजारी पडतात व त्यांस 'तुझीच चूक' असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु हक्क मागणाऱ्यास आपला हक्क ठाऊक असावा लागतो. तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासण्याची योजना आहे. ती चालते की नाही, हे तेथे जाऊन विचारणारा नागरिकच ती चालू ठेवू शकतो. जो स्वतःच्या देहाविषयी चौकस नाही, तो शहराच्या गटारांविषयी चौकस होईल अशी आशा व्यर्थ आहे. स्वराज्याचा अर्थ आपला कारभार आपण पाहणे असा असेल, तर त्याचा पहिला तालुका हा आपला देह होय.

राहता राहिला मनाचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांचे मूळ तेथेच आहे. तपासणी टाळणारा मनुष्य आळशी असतो त्याहून अधिक भित्रा असतो. कागदावर आकडा येईपर्यंत रोग नाही, अशी तो स्वतःची समजूत घालतो. परंतु न उघडलेल्या समन्समुळे खटला रद्द होत नाही. तो एकतर्फी निकालात निघतो. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून तालमीत शरीर कमावण्यात घालविले, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्यांस मधुमेह जडला, आणि इन्सुलिनचा शोध तर त्यांच्या निधनानंतर, १९२१ साली लागला. तरीही हा विकार अंगी असता मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहून पुरे केले. कमावलेले शरीरही रोगापासून सर्वस्वी सुरक्षित नसते. आणि रोग जडला म्हणून कर्तृत्व संपत नाही, असा दुहेरी बोध यातून घ्यावा. फार प्राचीन काळी सुश्रुताने निर्धन प्रमेही रुग्णास शंभर योजने चालण्यास व विहिरी खणण्यास सांगितले आहे. म्हणजे अंग हालविण्याची महती आम्हांस परदेशाहून शिकावी लागली, असेही नाही. आम्ही ती विसरलो, एवढेच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या पाडव्यास नवी वही उघडाल तेव्हा तिचे शेवटचे पान राखून ठेवा. त्यावर घरातील प्रत्येक प्रौढ माणसाचे, स्त्रियांसुद्धा, नाव लिहा. नावापुढे कंबरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व तपासणीची तारीख लिहा. साखर १०० च्या पुढे वा रक्तदाब १४० व ९० च्या पुढे निघाला, तर घाबरू नका आणि दडवूही नका. वैद्याकडे जाऊन ते पाच प्रश्न विचारा. तंबाखू सोडा, रोज अर्धा तास चाला, आणि पुढील पाडव्यास आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आमच्या टेबलावरील वहीत आमचे स्वतःचे पान आता उघडलेले आहे आणि त्यातील पहिला आकडा मुळीच अभिमानास्पद नाही. गुळाच्या त्या व्यापाऱ्यांनीही गेल्या वर्षी आपल्या दोन्ही मुलांची तपासणी करून घेतली. धाकट्याची साखर उंबरठ्यावर निघाली. तो आता रोज पहाटे चालतो, आणि बाप काठी टेकीत त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातो.