क्रमवारी कशाची : कमावलेल्या यशाची की संभाव्य बळाची?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता आज मैदानावर ठरत असला, तरी त्या मैदानावर कोणी उतरायचे याचा निर्णय मुख्यतः १३ सदस्यांची एक निवड समिती करते. या निर्णयाच्या न्याय्यतेविषयीचा वाद जुना आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मात्र त्याने टोक गाठले.

त्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने १३ पैकी १३ सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. तरीही चार संघांच्या बाद फेरीत त्याला स्थान मिळाले नाही. प्रत्येकी एक सामना गमावलेले टेक्सास आणि अलाबामा हे संघ निवडले गेले. प्रमुख क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाल्याने फ्लोरिडा स्टेटचा संघ पूर्वीइतका बलवान उरला नाही, हे समितीचे कारण होते. ट्रॅव्हिसविना याच संघाने पुढचे दोन्ही सामने जिंकले होते, हे तिला पुरेसे वाटले नाही.

समितीने नियम मोडला, असे म्हणता येत नाही. प्रमुख खेळाडूंची अनुपलब्धता विचारात घेण्याची मुभा तिच्या कार्यपद्धतीत आधीपासूनच होती. त्या बाबीला किती वजन द्यायचे, हे मात्र कोठेही निश्चित केलेले नव्हते. वादाचे मूळ येथे आहे. हंगामात कोणी काय कमावले आणि आज सर्वांत बलवान कोण, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर निकालांत मिळते, दुसऱ्याचे अंदाजात. एकच क्रमवारी दोन्हींची उत्तरे देऊ लागली की अचूकता आणि न्याय यांची फारकत होते.

पुढील निकालांनीही हा वाद मिटविला नाही. अलाबामाने अंतिम विजेत्या मिशिगनला उपांत्य सामन्यात अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजविले, तर फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बाउल सामन्यात जॉर्जियाकडून ६३-३ असा पराभूत झाला. समितीच्या समर्थकांना हा पुरावा वाटला. परंतु त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते.

अडचण मुळात गणिताची आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च श्रेणीत १३४ संघ होते. त्यांच्यात ८,९११ जोड्या संभवतात. प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारण १२ सामने खेळत असल्याने त्यांतील दहावा हिस्साही प्रत्यक्ष समोरासमोर येत नाही. उरलेली तुलना तर्कानेच करावी लागते.

हा तर्क यंत्रावर सोपविण्याचा प्रयोगही झाला. १९९८ ते २०१३ या काळातील ‘बीसीएस’ पद्धतीत मतदानासोबत संगणकीय क्रमवाऱ्या धरल्या जात. दुबळ्या संघांवर धावसंख्येचा डोंगर रचण्याची वृत्ती बळावू नये म्हणून २००२ पासून त्या सूत्रांतून विजयाचे अंतर वगळण्यात आले. न्यायासाठी अचूकतेचा काही अंश जाणीवपूर्वक सोडण्यात आला. २०१० मध्ये सहा संगणकीय क्रमवाऱ्यांपैकी एकीत एका सामन्याचा निकाल नोंदवायचा राहून गेल्याने दहाव्या आणि अकराव्या स्थानावरील संघांची अदलाबदल झाल्याचे उघड झाले. ही चूक सापडली, कारण सहांपैकी केवळ त्याच क्रमवारीचे सूत्र पूर्णतः सार्वजनिक होते. इतर पाचांतील चुका बाहेरच्या कोणाला तपासताच आल्या नसत्या.

२०२४ पासून बाद फेरीत १२ संघ आले. पहिल्या चार मानांकनांचा मान गटविजेत्यांसाठी राखून त्यांना थेट उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश देण्यात आला. ते चारही संघ तेथेच हरले आणि आठवे मानांकन असलेला ओहायो स्टेट विजेता ठरला. २०२५ साठी नियम बदलून मानांकन थेट क्रमवारीनुसार देण्याचे ठरले. संघसंख्या वाढली; परंतु वादाची रेषा चौथ्या स्थानावरून बाराव्याकडे सरकली, एवढेच.

हा केवळ प्रतिष्ठेचा विषय नाही. २०२४ मध्ये बाद फेरीत प्रवेश मिळताच संघाच्या गटाला ४० लाख डॉलर मिळत. वगळले गेल्यानंतर काही आठवड्यांतच फ्लोरिडा स्टेटने आपल्याच गटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती.

भारतातही विद्यापीठांची क्रीडा क्रमवारी लागते. भुवनेश्वर येथे २०२० मध्ये झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत चंदीगडचे पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांची सुवर्णपदके समान होती. रौप्यपदकांच्या आधारे पंजाब विद्यापीठ अव्वल ठरले. पुण्याला हळहळ वाटली असेल. पण हा निकष सर्वांना आधीच ठाऊक होता आणि कोणालाही पडताळता येत होता.

कोणतीही क्रमवारी संपूर्ण अचूक असू शकत नाही. म्हणूनच कोणत्या बाबीला किती वजन, हे हंगामापूर्वी जाहीर होणे आणि हंगामानंतर तपासता येणे, ही किमान अपेक्षा ठरते. सर्व सामने जिंकूनही बाहेर राहिलेल्या खेळाडूंना पराभव पत्करावा लागला नव्हता. त्यांना केवळ एक अंदाज पत्करावा लागला.