सुप्याची आग आणि कळसचे पत्र

आपल्या लोकांत असा एक समज दृढ झाला आहे की, विचार पसरावयाचा तर छापखाना पाहिजे, सभा पाहिजे, मोठा वक्ता पाहिजे. आणि आता तर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, मग विचाराला पाय फुटावयास काय उशीर! हा समज अर्धा खरा आहे. बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी, स्वतःचे एकही वर्तमानपत्र नसताना, एक विचार गावोगाव पोहोचवून दाखविला. शेतकऱ्याची बाजू मांडणारे ‘दीनबंधु’ निघाले ते १८७७ साली; ही हकीकत त्याच्या आधीची आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि इकडच्या कापसाचा भाव चढला. सावकाराने मोकळ्या हाताने पैसा दिला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच १८६७ च्या फेरआकारणीत इंदापूरकडचा सारा भरमसाट वाढला. कुणब्याला खत वाचता येत नव्हते. त्याखाली नांगराची निशाणी करणे एवढेच त्याच्या हाती होते. पीक सावकाराच्या घरी, सारा सरकारच्या घरी, आणि राबणूक तेवढी कुणब्याच्या घरी!

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम सावकाराने हुकूमनामा बजावून बाबासाहेब देशमुखांचे राहते घर अवघ्या दीडशे रुपयांत घेतले व ते पाडावयास काढले. गाव खवळले, पण काठी उगारली नाही. त्यांनी सावकाराशी व्यवहार तोडला. न्हाव्याने हजामत करावयाची नाही, परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, पाणक्याने पाणी भरावयाचे नाही, असे ठरले. ज्याच्या खतापुढे कोर्ट व मामलेदार उभे, तो घागरभर पाण्यासाठी अडला!

हा विचार इंदापुरापर्यंत कोणत्या वाटेने आला? दंग्याच्या चौकशीस नेमलेल्या कमिशनच्या दप्तरात एक पत्र आहे. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांनी शेजारच्या अकोले गावास ते लिहिले. त्याचा मतलब असा की, ज्यांना आम्ही वाळीत टाकले त्यांच्याशी तुम्ही संबंध ठेवता हे बरे नव्हे. कळस आणि अकोले आम्ही एकच गाव समजतो, म्हणून हे सुचविले. वाचकहो, ‘एकच गाव’ या दोन शब्दांत सारे मर्म आहे. अकोलेकरांनी मानावे म्हणून कळसकरांनी कोणा पुढाऱ्याचे नाव पुढे केले नाही, नाते पुढे केले. सोयरीक, आठवड्याचा बाजार, जत्रेची वाट, आणि घरोघर फिरणारा बलुतेदार, या आमच्या तारा होत्या. परक्याने दहादा सांगितलेले आपण ऐकून सोडतो. मेहुण्याने बांधावर एकदा सांगितले की ते खरे होते. एकट्याने सावकाराशी वैर धरण्यास कुणबी भीत होता. शेजारचे गाव उठले असे कळताच भीती गेली.

पण ज्या तारेवरून शहाणपण गेले, तिच्यावरूनच खोटेही गेले. अशी आवई उठली की, एका साहेबाचीही मालमत्ता मारवाड्याने विकविली, त्याने राणीकडे दाद मागितली, आणि खते परत करविण्याचा हुकूम विलायतेहून सुटला आहे. असा हुकूम कोठेच नव्हता! पण सांगणारा आपला होता, म्हणून कोणी विचारले नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भोवतालच्या गावचे लोक जमले, त्यांनी वह्या व खते हिसकावून जाळली, दुकाने लुटली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावी गेला. राणीचा हुकूम आला नाही. पलटण आली, आणि गरिबांची पोरे तुरुंगात गेली.

दुसरा दोषही सांगितला पाहिजे, कारण आपले ते सारेच बरे म्हणणे हा भाटाचा धंदा आहे. कमिशनला असे आढळले की, ब्राह्मण व इतर जातींचे सावकार जेथे तोच धंदा करीत होते, तेथेही बहुधा मारवाडी-गुजरांवरच घाला आला. कर्जाचा जाच एक, पण राग परक्यावर! तारेवरून न्यायाचा विचार निघाला आणि गावोगाव जाता जाता त्याचा परक्याचा द्वेष झाला. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा या उठावामुळे झाला, हे श्रेय कोणी नाकारू नये. पण हा डागही कोणी पुसू नये.

आणि बहिष्काराचे ते हत्यार पुढे कोणावर चालले? १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्याले म्हणून अस्पृश्यांवर! दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. १९३० साली स्टार्ट कमिटीला हे गाऱ्हाणे सरकारदरबारी नोंदवावे लागले. बलिष्ठापुढे दुबळ्याने उचललेली काठी दुबळ्याच्याच पाठीत बसली, आणि ती बसविणाऱ्यांत आमचे कुणबीही होते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे. तो करावा लागला, हीच आपल्या गावकीची साक्ष.

आज कळसचे पत्र क्षणात हजार घरी जाते. घोड्याची जागा विजेने घेतली, मन मात्र तेच आहे. भावकीच्या मोबाईलवर आले म्हणजे खरे, हीच आजची राणीच्या हुकुमाची आवई होय. म्हणून माझे सांगणे थोडके आहे. पुढे धाडण्यापूर्वी विचारा, हे प्रथम कोणी पाहिले? यात अन्यायावर बोट आहे की जातीवर? आणि याचा मार ज्याच्यावर बसणार, तो आपल्याहून बलिष्ठ आहे की दुबळा? हे तीन प्रश्न सुप्याच्या बाजारात कोणी विचारले असते, तर खतांचा जाब सरकारला द्यावा लागला असता आणि आमची पोरे घरी राहिली असती.

कळसकरांनी अकोल्याला आपले गाव म्हटले. आता गावकुसाबाहेरच्या वस्तीला आणि पेठेतल्या परक्यालाही तसे म्हणण्याची छाती आपल्याला झाली पाहिजे. तोवर तारा कितीही वाढोत, त्यांवरून आगच जाईल.