घर नाही? मग घराचा पुरावा आणा!

वॉर्डातल्या शेजाऱ्यांनो,

उड्डाणपुलाखाली काय झाले ते आपण पाहिले. ज्यांनी पाहिले नाही, ते दुसऱ्या दिवशी 'रस्ता कसा मोकळा वाटतो' म्हणाले. पहाटे साडेपाचला, भर पावसात, गाडी आली. ताडपत्र्या ओढल्या, बांबू मोडले. पातेली, गोधड्या, पोरांची दप्तरे, एका म्हाताऱ्याची कुबडी, सगळे एकाच डंपरमध्ये भिरकावले. पंचनामा नाही, पावती नाही. यात वाईट काय, हे समजावून सांगायला हे पत्रक काढलेले नाही. ज्याला ते समजावून सांगावे लागते, त्याने या कागदात भेळ बांधून घ्यावी.

शहराचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्या शहराचे घालून वाचा, राज्यातले कुठलेही बसेल.

मला बोलायचे आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळबद्दल. गजरे करून विकणारी एक बाई, तिची दोन मुले, धाकटे अजून अंगावर पिणारे. त्यांना घेऊन मी सातच्या सुमारास बेघर निवारा केंद्रावर गेलो. दारावर ठळक पाटी होती. आत खाटा दिसत होत्या, बऱ्याचशा रिकाम्या. टेबलामागचा मुलगा सज्जन होता. त्याने आधी पोरांना बिस्किटे दिली आणि मग वही उघडली.

'मावशी, आधार?'

'सकाळच्या गाडीत गेलं, दादा. पिशवीच गेली कागदांची.'

'मग दुसरं काढून घ्या.'

'पत्ता काय सांगू?'

'जिथं राहता तो.'

'तिथनंच तर उठवलं.'

मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'नगरसेवकाचं पत्र आणा, बघू काय करता येतं ते.'

म्हणजे बघा. ज्या पालिकेच्या गाडीने पहाटे कागद नेले, त्याच पालिकेच्या टेबलाने संध्याकाळी कागद मागितले. मध्ये चौदा तासही गेले नव्हते. नवे आधारकार्ड मागवले तर ते टपालाने घरपोच येते. घरपोच! आणि नगरसेवकाच्या पत्राचे म्हणाल, तर २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिका कित्येक वर्षे नगरसेवकांशिवायच, प्रशासकांच्या हाती चालल्या. त्या काळात हे पत्र कुणाकडून आणायचे होते, तेही एकदा कुणीतरी सांगून टाकावे.

मी त्या मुलाला दोष देत नाही. मी एकतीस वर्षे कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे, त्यामुळे कागद मागण्याची विद्या मला चांगली येते. काम करायचे नसले की 'होणार नाही' असे कधी म्हणायचे नसते. 'होणार नाही' म्हटले की समोरचा कारण विचारतो, लेखी मागतो, वर अर्ज करतो, कधी कोर्टातही जातो. त्याऐवजी 'कागद आणा' म्हणायचे. माणूस स्वतःच्या पायांनी परत जातो. जावक रजिस्टरमध्ये एक ओळ पडत नाही. तो परत आला नाही तर त्यालाच गरज नव्हती, आणि परत आला तर आणखी एक कागद असतोच. मी हे केले आहे. लाज वाटते म्हणून सांगतो आहे, शहाणपणा मिरवायला नाही.

पत्त्याचा पुरावा ही अट नाही, तो नकार आहे, आणि तोही नोंद न होणारा. बाईंना त्या रात्री कुणी 'नाही' म्हटलेच नाही. वहीत त्या आल्याच नाहीत. महिनाअखेरीला वही वर जाते, तिच्यात इतक्या खाटा आणि इतक्या रिकाम्या असे लिहिलेले असते. मग वरचा साहेब मान हलवून म्हणतो, 'मागणीच नाही, नवे निवारे बांधून काय करायचे?' दारावर माणसे परतवायची, मग माणसे येत नाहीत म्हणून दारे वाढवायची नाहीत. या गणितात कुठेही चूक सापडत नाही, एवढाच त्याचा दोष.

आता खरे गणित. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज्यांना सांगितले की मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही चोवीस तास आणि बारा महिने उघडा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच प्रमाण उचलले आणि माणशी पन्नास चौरस फूट जागाही लिहून दिली. पन्नास चौरस फूट म्हणजे आपल्याकडचे एखादे बरे न्हाणीघर. २०११च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख भरली. त्या हिशेबाने एकट्या मुंबईला सव्वाशेच्या घरात निवारे लागतात, आणि त्याच्या निम्मेही उभे नाहीत. त्याच जनगणनेत मुंबईत सत्तावन्न हजारांहून अधिक माणसे उघड्यावर सापडली, तर देशभरातल्या शहरांत ९ लाख ३८ हजार.

ही माणसे मोजली कशी, हे फारसे कुणी विचारत नाही. २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फुटपाथ, फलाट, देवळांच्या पायऱ्या धुंडाळत फिरले. जो जिथे झोपलेला, तिथे त्याला मोजला. एकाकडेही पत्त्याचा पुरावा मागितला नाही. मोजायचे असले की माणूस दिसतो.

मतदानाचे तर आणखी मजेशीर आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालता येते आणि राहण्याच्या जागेचा कागद लागत नाही. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जातो, एकाहून अधिक रात्री जातो, माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते डोळ्यांनी बघतो, आणि नाव घालतो. निवडणूक आयोगाने हे स्वच्छ लिहून ठेवले आहे. म्हणजे सरकारला काय जमत नाही हा प्रश्नच नाही. पुलाखालचा तिसरा खांब हा मत द्यायला पुरेसा पत्ता आहे, खाट मागायला नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे प्रवेशाला काहीच लागत नाही. आपल्या राज्यात १९५९चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा अजून चालू आहे. उपजीविकेचे साधन दिसत नसताना, भीक मागून जगत असावा असे वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणे हेसुद्धा त्यात भीक मागण्यात मोडते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. तिथे आधार विचारत नाहीत, नगरसेवकाचे पत्र विचारत नाहीत. तिथे छप्पर लगेच मिळते, फक्त दाराला बाहेरून कडी असते.

पुलाखालची निम्मी कुटुंबे पारधी आहेत, हे जाता जाता सांगायला हवे. यांच्या पणजोबांना इंग्रज सरकार गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरीला उभे करत असे. कुठे मुक्काम आहे, कुठे निघालात, सगळी नोंद सरकारच्या दप्तरात. तो कायदा १९५२ साली गेला. आता त्यांच्या पणतीला विचारतात, तुमच्या मुक्कामाची नोंद कुठे आहे?

आता ज्या हरकती चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत ऐकून माझे कान किटले आहेत, त्या घेतो.

'कागद नाही बघितले तर बांगलादेशी घुसतील.' कोण कुठला हे शोधायचे काम पोलिसांचे आहे, रात्री खाट देणाऱ्याचे नाही. शिवाय जो चोरून आला त्याने पहिल्यांदा कागदच बनवून घेतलेले असतात. नसतात ते परभणीच्या, जालन्याच्या, ऊसतोडीतून पळालेल्या माणसाकडे. आपण गाळतो ते त्याला.

'दारुडे, गर्दुल्ले येतील.' येतील. आधारकार्डाला दारूचा वास येत नाही, त्यामुळे ते दाखवूनही येतीलच.

'यांचे गावाकडे घर असते.' ही हरकत घेणारे बहुतेक स्वतः गावचे घर भावाला सोडून शहरात आलेले असतात, ते राहू द्या. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईत हा प्रयोग होऊन गेला आहे. फुटपाथवरच्या लोकांना उठवले, आणि बाहेरगावच्यांना बसमध्ये घालून परत धाडले. त्यातला एकजण तमिळनाडूतल्या सेलमला पोहोचला, तिथे काम मिळाले नाही, पुन्हा मुंबईच्या फुटपाथवर आला आणि न्यायालयात अर्जदार झाला. ओल्गा टेलिस खटला म्हणतात तो हा. १९८५ साली निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही, तेही सांगतो, कारण मी वकील नाही आणि अर्धे सांगून भुलवायचे नाही. पण माणूस कामाच्या मागे राहतो, हे तिथे कागदोपत्री आले. गजरेवाली फूलबाजारापासून लांब राहू शकत नाही, बिगारी नाक्यापासून आणि हमाल वखारीपासून.

त्यातूनच चौथ्या आणि सर्वांत लाडक्या हरकतीचे उत्तर निघते: 'निवारे रिकामे पडलेत, यांनाच यायचे नसते.' अहो, एक निवारा फक्त पुरुषांचा, दुसरा फक्त मुलांचा, तिसरा दोन बस बदलून, चौथ्यात बोचके आत घेऊ देत नाहीत. या सगळ्यातून जो उरतो तो टेबलाशी पोहोचतो, आणि टेबलावर काय होते ते वर सांगितले.

खरे तर त्या उपजीविका अभियानाच्या कागदांतच उलटे लिहिले आहे. निवाऱ्यात आलेल्याला ओळखपत्र, रेशन, बँक खाते मिळवून द्यायला हातभार लावणे हे निवाऱ्याचेच काम आहे. म्हणजे कागद मिळण्याची जागा ती हीच. दवाखान्याने दारावर पाटी लावावी, 'आधी बरे होऊन या', तसे झाले हे.

इंग्लंडचे उदाहरण देताना मला संकोच होतो, कारण तिथल्या कौन्सिलाही टोलवाटोलवीत आपल्याला हार जाणार नाहीत. 'तुमचा या भागाशी संबंध काय?' हे तिथले 'आधार आणा' आहे. पण १९९६च्या त्यांच्या कायद्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. लेकरू बरोबर असलेली बाई बेघर असावी असे मानायला कारण असेल, तर आधी तात्पुरते छप्पर आणि चौकशी नंतर. आणि चौकशीअंती नाकारायचे ठरले, तर तो निर्णय कारणासह लेखी द्यायचा. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची वाटते. लेखी नकार हातात असला की त्याच्याशी भांडता येते.

म्हणून आपली मागणी लांबलचक नाही. दारावर आलेल्या प्रत्येकाचे नाव वहीत लागले पाहिजे, कागद असो वा नसो. गाडीने नेलेल्या प्रत्येक पिशवीची पावती मिळाली पाहिजे. आणि परत पाठवायचे असेल तर कारण लिहून, खाली सही, शिक्का, तारीख. तोंडी 'बघू' चालणार नाही.

मागणीचा अर्ज आम्ही वॉर्ड ऑफिसात देणार नाही. तो आवकमध्ये पडेल आणि तिथेच राहील, ती जागा मी जाणतो. येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता पुलाखालची अकरा कुटुंबे घेऊन आम्ही निवाऱ्याच्या दारावर जात आहोत. एकेक माणूस टेबलापुढे जाईल, खाट मागेल, आणि मिळाली नाही तर लेखी मागेल. प्रत्येकाबरोबर वॉर्डातले एकजण लागेल, म्हणजे निदान चाळीसजण हवेत. छत्री आणा, वेळ लागेल. लिहायला तिथे कागद नसेल तर कोरे कागद आणि कार्बन मी आणतो आहे.

(वाचून झाल्यावर पुढच्याला द्या. भेळवाल्यालाही चालेल.)