विश्लेषण : जिल्ह्यात बाजरी-नाचणी, शाळेच्या ताटात बाहेरचा माल

शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. अंडी द्यायची असतील तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी याचा अर्थ काय?

मुलांना किती मिळते?

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. धान्य वगळता उरलेल्या साहित्याचा दर मे २०२५ पासून अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे आहे. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०.

माल येतो कुठून?

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाचा. ग्रामीण शाळांना डाळी, तेल, मसाले निविदेतून नेमलेला पुरवठादार पोहोचवतो. गावाच्या हाती राहते ती भाजीपाला आणि इंधनाची किरकोळ खरेदी.

जिल्ह्यात काय पिकते?

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात नाचणी-वरई, पाथर्डी-पारनेरकडे बाजरी, कर्जत-जामखेडला ज्वारी. गावरान बियाणे जपणाऱ्या ‘पद्मश्री’ राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या.

लोकसहभागाने भागेल?

बागायती गावात देणगीदार मिळेल. आदिवासी पाड्यावरच्या शाळेने कोणाकडे हात पसरायचा? अंड्याची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच ते मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. सरकारचे काम दात्याच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही.

मार्ग काय?

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी कुटुंबशेतीतून बंधनकारक केली. आपल्याकडे सुरुवात आठवड्यातील एका दिवसापासून करता येईल. शंभर मुलांच्या भाकरी थापणे एकट्या स्वयंपाकी ताईला झेपणारे नाही. २०२३ मध्ये वाढूनही मानधन अडीच हजारच झाले. पण बाजरीची खिचडी, नाचणीची पेज जमू शकते. धान्य आणि अंडी गावातल्या बचत गटाकडून घ्यावीत, दर्जा शाळा व्यवस्थापन समितीने तपासावा. मात्र पैसे आगाऊ हवेत. उधारीवर बचत गट टिकणार नाही.

अंड्यांचा निधी पूर्ववत करणे ही यातली पहिली पायरी. तो पैसा गावातच खर्च झाला, तर मुलाच्या पोटाला आणि शेतकऱ्याच्या घराला, दोघांनाही आधार मिळेल.