दारात आलेल्या मालकिणीला परत पाठवू नका

तुमच्या सोसायटीच्या सभेत लवकरच एक विषय येईल. कदाचित आलाही असेल. कुणीतरी एका खासगी एजन्सीचं पत्रक पुढे करेल. गाडी दारात येईल, माणसं गणवेशात असतील, ओला-सुका करायची कटकट नाही, सगळं एकाच डब्यात टाका, वर महिन्याचा दरही थोडा कमी. सभेला आलेले सगळे दमलेले असतात. पार्किंगचा विषय अजून व्हायचा असतो. 'करून टाका' म्हणून माना डोलतात आणि पाच मिनिटांत ठराव होतो.

पुणेकरांनो, त्या पाच मिनिटांत काय मोडतं ते आधी नीट समजून घ्या. मगच हात वर करा. जे मोडेल ते उभं करायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला आहे, आणि ते तुमच्या-माझ्या दारावर उभं आहे.

सकाळी बेल वाजवून तुमची बादली घेऊन जाणारी ताई कुणाची नोकर नाही. ती 'स्वच्छ' या सहकारी संस्थेची सभासद आहे, म्हणजे संस्थेची मालकीण आहे. तिच्यासारख्या हजारो मालकिणी आणि मालक पुण्यात रोज रस्त्यावर उतरतात. जनता वसाहत, काशेवाडी, लोहियानगर, पाटील इस्टेट, येरवडा अशा वस्त्यांमधून. त्यात बहुतेक बाया आहेत, बहुतेक दलित घरांतल्या. कित्येकींच्या घरचे 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून पोटासाठी पुण्यात आले. शेत नाही, अक्षरओळख नाही, मजुरीही रोज मिळेल याची खात्री नाही. मग पाठीवर पोतं आणि समोर कचराकुंडी. कुत्री हाकलत, काचेने हात कापून घेत त्यांनी शहराचा कागद-पत्रा वेचला. पोलिसांनी चोर म्हणून हटकलं, भंगारवाल्याने काट्यात मारलं, आपण नाकाला रुमाल लावून बाजूने गेलो.

1993 मध्ये त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमालांचे नेते बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या सोबत होत्या. आधी ओळखपत्रं, मग पतसंस्था, मुलांची शिष्यवृत्ती, असं एकेक पाऊल पुढे पडत गेलं. शेवटी त्यांनी मोठा प्रश्न विचारला: कुंडीपर्यंत आम्ही का जायचं? कचरा जिथे तयार होतो त्या दारातूनच का घेऊ नये? त्यातून 'स्वच्छ' जन्मली आणि 2008 मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. घराघरातून कचरा उचलायचा, त्याचं सेवाशुल्क घरांनी द्यायचं, निघालेलं भंगार वेचणारीचं. ज्या बाईला शहर हाकलत होतं, तिला शहराने कामाला दार उघडून दिलं.

आता तुमचे पैसे कुठे जातात ते पाहा. तुम्ही महिन्याला देता ते शुल्क तिच्या हातात पडतं. त्यातून वस्तीतल्या वाण्याची उधारी फिटते, पोरीच्या शिकवणीची फी जाते, नळाचं बिल भरलं जातं, सासूची बीपीची गोळी येते. तोच वाणी, तीच शिकवणीवाली, तोच रिक्षावाला पुन्हा वस्तीतच खर्च करतात. गरीब वस्तीला बाहेरून येणाऱ्या देणगीपेक्षा असा आत येऊन आतच फिरणारा पैसा जास्त तारतो. कंत्राट बाहेरच्या कंपनीकडे गेलं की तोच पैसा डिझेलमध्ये, गाड्यांच्या हप्त्यांत आणि कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या मालकाच्या नफ्यात जातो. वस्तीतली बाई त्या गाडीमागे कंत्राटी मजूर म्हणून उभी राहिली तर नशीब. टेंडर कमीत कमी बोलीवर मिळतं, आणि बोली कमी करायची सोपी जागा म्हणजे मजुरी.

म्हणून शुल्क वेळेवर द्या. पाच तारखेला द्या, वीस तारखेला नको. 'उद्या ये' म्हणू नका. पन्नास घरांनी 'उद्या ये' म्हटलं की तिच्या घरात त्या आठवड्यात रेशन नसतं, आणि ती सावकाराच्या दारात जाते. सावकार उद्या ये म्हणत नाही.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कचऱ्याच्या धंद्यात पैसे कशावर मिळतात, यावर सगळं ठरतं. वाहतुकीचं कंत्राट बहुधा वजनावर असतं. जितके टन जास्त, तितकं बिल जास्त. अशा कंत्राटदाराला कचरा कमी व्हावा असं का वाटेल? ओल्यात सुका मिसळला, पाणी मुरलं, तर त्याचं वजन वाढतंच. तुमच्या ताईचं उलटं आहे. शुल्काखेरीजची तिची कमाई वेगळ्या केलेल्या प्रत्येक वस्तूवर आहे. कचऱ्यातून ती जितकं बाहेर काढेल तितकं तिच्या पदरात पडेल, आणि तितकंच कमी कचरा डेपोकडे जाईल. उरुळी-फुरसुंगीच्या गावांनी आपल्या घाणीसाठी विहिरी गमावल्या, श्वास गमावला, रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या. ते विसरू नका.

ती काढते म्हणजे काय करते, हे एकदा खाली उतरून बघा. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात ती उकिडवी बसलेली असते. समोर ताडपत्री. पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्राची रद्दी दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. दुधाची पिशवी वेगळी, कडक प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, पत्रा वेगळा. प्रत्येकाचा भाव वेगळा. चिप्सची चकचकीत पिशवी हातात घेते आणि टाकून देते, तिला कुणी घेत नाही. मग एका घरची पिशवी उघडते. आमटीत भिजलेला पुठ्ठा, चहाच्या चोथ्यात वर्तमानपत्र, त्याच्याखाली फुटलेला कप. पुठ्ठ्याला आता भाव नाही. कपाने बोट कापलं. तिची ती कमाई आपण आदल्या रात्री आपल्या स्वयंपाकघरात, हात न हलवता, काढून घेतली होती.

तेवढा एक डबा जास्त ठेवा. ओला वेगळा, सुका वेगळा. दुधाची पिशवी पाण्याखाली एकदा धरा, मग सुक्यात टाका. सॅनिटरी पॅड आणि डायपर जुन्या कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल पेनने ठिपका काढा, म्हणजे तिला उघडून बघावं लागणार नाही. एका बाईने दुसऱ्या बाईची एवढी तरी लाज राखावी. फुटलेली काच वेगळ्या कागदात बांधा आणि वर 'काच' असं लिहा, किंवा नुसतं तोंडाने सांगा. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक केलं, पण कायद्याच्या भीतीने करू नका. तुमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या ताटात घाण टाकत नाही, म्हणून करा.

धोका वरूनही येतो. महापालिकेचा करार मुदतीचा असतो. 2020 च्या डिसेंबरात तो संपला, आणि पुढचा पक्का होईपर्यंत महिनोन्महिने मुदतवाढीवर काम चाललं. उद्या दार आपलं राहील की नाही, हे माहीत नसताना या बायांनी करोनाच्या लाटांमध्ये तुमचा कचरा उचलला. करोनाच्या सुरुवातीला तुम्ही खिडकीतून थाळ्या वाजवल्यात. आता थाळी पुरेशी नाही. करार पुन्हा उंबरठ्यावर येईल तेव्हा आवाज करा. आपल्या नगरसेवकाला भेटा, आयुक्तांना पत्र लिहा, पत्रावर मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. 'आमच्या दारात हीच संस्था हवी' एवढं एक वाक्य पुरे. वस्तीतल्या बाईचं म्हणणं मोर्चात ऐकू येतं, कचेरीत ऐकू येत नाही. तुमचं कचेरीत ऐकू येतं. ते वापरा.

आणि इथे थांबू नका. कचरा ही एका वस्तीची एक कमाई झाली. ज्या वस्तीत एकच कमाई असते ती एका ठरावाने बसते. तुमच्या सोसायटीला जिना धुवून हवा असतो, टाकी साफ करून हवी असते, दिवाळीला फराळ, लग्नाला पोळ्या, शाळेला गणवेश. हे सगळं कुणातरी मध्यस्थामार्फत येतं, आणि काम वस्तीतली बाईच करते. मधला माणूस काढा. वस्तीतल्या बायांनी मिळून केलेल्या संस्थेला सरळ ऑर्डर द्या.

हे स्वप्नरंजन नाही. 1959 मध्ये गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. ते लिज्जत आज घराघरात आहे, आणि तिथे लाटणारी भगिनी अजूनही संस्थेची मालकीण असते. पुण्यातच हमाल पंचायतीने 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, हमालांना आणि पोटासाठी शहरात आलेल्या कुणालाही परवडेल अशी. तिथली भाकरी खाल्लेले पुणेकर हे वाचत असतील.

पण डोळे उघडे ठेवून मदत करा. सहकार म्हटलं की महाराष्ट्रात माणूस आधी कपाळाला आठ्या घालतो, आणि त्याला कारणं आहेत. सहकारी साखर कारखान्यांवर पुढाऱ्यांची घराणी बसली. कागदावरच्या मजूर सोसायट्यांत सभासद मजूर आणि चेकवर सही ठेकेदाराची, असंही आपण पाहिलं. म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा: वार्षिक सभा होते का? बाया हिशेब पाहतात का? सही कुणाची चालते? हे विचारण्यात संशय नाही, ती राखण आहे. प्रामाणिक संस्थाही बुडतात, तेही लक्षात घ्या. कुर्ल्याची बंद पडलेली कमानी ट्यूब्ज कामगारांनी स्वतः ताब्यात घेऊन 1989 मध्ये पुन्हा चालू केली. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपसातले वाद यांनी तीही पोखरली. मेहनत होती, पाठीशी उभं राहणारं कमी पडलं.

इथे तुम्ही हवे आहात. बँकेतून निवृत्त झाला असाल तर महिन्यातून दोन दुपारी वस्तीत जा, बायांना कॅशबुक लिहायला शिकवा. सीए असाल तर एका संस्थेचं ऑडिट नाममात्र शुल्कात करा. वकील असाल तर उपविधी सोप्या मराठीत समजावून सांगा. शिक्षक असाल तर त्यांच्या मुलांना दहावीपर्यंत धरून ठेवा. आणि वस्तीत राहणाऱ्या माझ्या बहिणींनो, तुम्हीही वाट बघू नका. 1960 च्या सहकारी कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते. एका सभासदाला एकच मत, भांडवल कितीही असो. गल्लीत दहा बाया आहेत. बसा, बोला, उपनिबंधकांच्या कार्यालयात जा. एकदा परत पाठवलं तर पुन्हा जा.

लवकर करा. मोकळी जागा दिसली की ठेकेदार थांबत नाही. एक सोसायटी गेली की शेजारची म्हणते 'त्यांनी केलं, आपणही करू'. अशा पंधरावीस सोसायट्या एका रस्त्यावर गेल्या की त्या रस्त्यावरच्या दोन बायांचं काम संपतं. मग पोरगी आठवीतून घरी बसते, धाकट्याला सांभाळायला, कारण आई आता पहाटे लांब कुठेतरी कंत्राटावर जाते. हे तुम्हाला नको आहे. मला खात्री आहे, तुमच्यापैकी एकालाही हे नको आहे. माहीत नव्हतं म्हणून मान डोलली असती, एवढंच.

आज रात्री दुसरा डबा काढा. उद्या सकाळी ताई आली की तिचं नाव विचारा, बसत असेल तर पाणी द्या, बाकी असलेलं शुल्क देऊन टाका. आपल्या मजल्यावरच्या चार घरांशी बोला. सोसायटीच्या सचिवांना विचारा, कचऱ्याच्या एजन्सीचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे का. असेल तर सभेला जा, पार्किंगच्या विषयापर्यंत थांबू नका, आधीच उठा आणि बोला. 'आमचा कचरा स्वच्छच्या सभासदांनाच दिला जाईल आणि शुल्क दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत दिलं जाईल' असा ठराव मांडा. अनुमोदन देणारा आधीच शेजारी बसवून ठेवा. ठराव मंजूर झाला की इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सचिवांची सही झाल्याशिवाय उठू नका.